आधी माझ्या गालावर

दाजींची दाढी मी एकोणचाळीस वर्षं करत आलो. दर रविवारी सकाळी सात वाजता, दुकान उघडायच्या आधी. शटर अर्धं वर, आरशावरचा एकच दिवा लावलेला, आणि खुर्चीत माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा डोळे मिटून, पाय पसरून बसलेला. त्यांच्या लग्नाच्या सकाळी मीच त्यांना खुर्चीत बसवलं होतं आणि म्हणून गेलो होतो, "दाजी, आजपासून ही हनुवटी माझ्याकडे." बोलून गेलो आणि अडकलो.

दाजी दुकानांच्या पाट्या रंगवत. आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. माझ्या दुकानाचीही. ती पाटी टांगली तेव्हा मला तिच्यावरचं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. "स्वतःच्या दुकानाचं नाव वाचता येत नाही, आणि लोकांच्या गळ्यावर वस्तरा ठेवता!" असं म्हणून दाजींनी मला चाळिशीत शिकवायला घेतलं. पाटी-पेन्सिल नाही. दाढीचा फेस बोटावर घ्यायचा आणि आरशावर अक्षर काढायचं. चुकलं की टॉवेलने पुसायचं. दोन वर्षांत मी वर्तमानपत्र वाचायला लागलो.

मग एका रविवारी डाव्या बाजूने वस्तरा खाली आणताना माझं बोट अडलं. जबड्याखाली, कानाच्या पाळीपासून दोन बोटं खाली. दाजींच्या मानेवर कुठे चामखीळ आहे, कुठे केस उलटे वाढतात, ते मला झोपेतही सांगता आलं असतं. तिथे आजवर काही नव्हतं. आता वाटाण्यापेक्षा मोठं काहीतरी होतं, आणि दाबलं की सरकत होतं.

"दाजी, ही गाठ कधीपासून आहे?"

"कसली गाठ? तुम्ही दाढी करा, डॉक्टरकी करू नका."

"दुखते?"

"नाही."

"मग दाखवून या."

"दुखत नाही म्हणतोय तर दाखवून या! दुखती तर काय म्हणाला असता, पुरून या?"

मी वस्तरा खाली ठेवला. उजवी बाजू झाली होती. डाव्या बाजूचा फेस टॉवेलने पुसला आणि म्हणालो, "उरलेली अर्धी डॉक्टरला दाखवून आल्यावर."

त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मी शटर पूर्ण वर केलं आणि पुढचं गिऱ्हाईक आत घेतलं. दाजीही तसेच हट्टी. सोमवारी अर्ध्या दाढीने शिडीवर चढून पाटी रंगवत बसले. खालून जाणारे हसत होते, हे वरून त्यांनाच पाटीची मापं सांगत होते. मंगळवारी मात्र माझी बहीण त्यांना धरून दवाखान्यात घेऊन गेली. "घरात अर्धा नवरा ठेवायची मला सवय नाही," म्हणाली.

गाठ काढून तपासायला पाठवली. पंधरा दिवसांनी, मंगळवारीच, आम्ही तिघं मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरबाईंच्या समोर बसलो. बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. केस आखूड कापलेले, कापणाऱ्याचा हात चांगला होता. त्यांनी शब्द न चावता सांगितलं. लिम्फोमा. शरीरात जागोजागी ज्या पहारेकरी गाठी असतात, त्यांचा कॅन्सर. दाजींच्या मानेत आणि पोटात, दोन ठिकाणी. औषध आहे, चांगलं आहे, तीन-तीन आठवड्यांनी सहा वेळा शिरेतून द्यायचं. बरेच लोक यातून पूर्ण बरे होतात.

"बरेच म्हणजे?" बहिणीने विचारलं.

"अर्ध्यापेक्षा बरेच जास्त. पण कोण त्यात येणार, हे गाठीवरच अवलंबून नसतं. माणसाच्या अंगात आधीपासून काय आहे त्यावरही असतं." मग त्यांनी दाजींकडे वळून विचारलं, "साखर? दमा? कधी कावीळ झाली होती?"

"कधी नाही. माझे डोळे पिवळे झाले असते तर रंग ओळखला असता मी," दाजी म्हणाले.

बाई हसल्या. काविळीची एक तपासणी केलीच आहे आणि ती ठीक आहे, असं म्हणाल्या. पहिला डोस गुरुवारी.

बाहेर बाकावर कागदांची वाट बघत बसलो. समोर भिंतीला एक फलक होता. दाजी त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. मला वाटलं वाचतायत.

"हा 'ळ' बघा मेव्हणे," ते म्हणाले. "पोटात मुरडा आल्यासारखा वाकलाय. आणि दोन ओळींमधलं अंतर बघा. रुग्णालयात लावायला दिला म्हणून काय आजारीच काढायचा फलक?"

पन्नास वर्षं पाट्या रंगवलेल्या माणसाला अक्षराचा आकार आधी दिसतो, शब्द मागून येतो, कधी येतही नाही. माझं उलटं. मला अजून एकेक अक्षर जोडत शब्दापर्यंत चालत जावं लागतं, त्यामुळे वाटेतलं काही सुटत नाही. मी वाचलं. 'उपचार सुरू होण्यापूर्वी सांगा. तुम्हाला किंवा तुमच्या घरात कुणाला कधी कावीळ झाली होती का? रक्त, सुई, ब्लेड किंवा वस्तरा यांतून पसरणारी कावीळ वर्षानुवर्षं अंगात लपून राहू शकते.'

मी 'वस्तरा'पाशी परत आलो. पुन्हा वाचलं. तोच शब्द होता.

माझ्या धंद्यात माझी एक रीत होती. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून झाला की त्याची धार बघायची. कुणी अंगठ्याच्या नखावर बघतं, कुणी मनगटाच्या केसांवर. मी स्वतःच्या उजव्या गालावर बघत असे. एकदाच, वरून खाली. गाल जळला नाही तर वस्तरा गिऱ्हाइकाच्या लायकीचा. सगळ्यांसाठी नाही, तेवढा गाल कुणाचा असतो? फक्त मानाच्या माणसासाठी. म्हणजे दाजींसाठी. आधी माझ्या गालावर आणि लगेच त्यांच्या. मध्ये वस्तरा पाण्यात बुडवायचा, बस. पुढे बदलायची ब्लेडं आली, मी गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड लावायला लागलो, पण रविवारची रीत सुटली नाही. नवं ब्लेडही आधी माझ्या गालावर.

आणि चौतीस वर्षांपूर्वी मला कावीळ झाली होती. नखं पिवळी झाली, लघवी गडद झाली, महिनाभर अंथरुणात होतो. ज्या रविवारी संध्याकाळी मी पडलो, त्याच सकाळी दाजींची दाढी केली होती. वस्तरा थोडा लागलाही होता, त्यांना आणि मलाही, कारण माझा हात थरथरत होता. तुरटी फिरवली आणि दोघं हसलो होतो.

"काय झालं मेव्हणे? तुमचा चेहरा त्या 'ळ'सारखा झालाय," दाजी म्हणाले.

"काही नाही. भूक लागली."

मंगळवार गेला, बुधवार गेला. मी स्वतःशी वाद घालत होतो. बाई म्हणाल्या ना तपासणी ठीक आहे? मग मी कशाला बोलू? बोललो तर बहिणीला काय वाटेल? जिच्या नवऱ्याची गाठ मी शोधली म्हणून ती गल्लीत चार जणींना सांगत फिरत होती, तिला सांगायचं की त्याच्या रक्तात मी आणखी काही घातलं असेल? बुधवारी एका गिऱ्हाइकाचा कल्ला मी दोन बोटं जास्त उडवला. तो बिचारा आरशात बघून म्हणाला, "असू दे, वाढेल." मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

गुरुवारी सकाळी दाजी पलंगावर पडले होते, हातात सुई टोचलेली, वर बाटली टांगलेली. नर्सबाईंनी हातमोजे घातले. बहीण पायाशी बसून दाजींचे मोजे घडी करत होती, घडी मोडून पुन्हा घडी करत होती.

"थांबा," मी म्हणालो.

नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय झालं आजोबा?"

"डॉक्टरबाईंना बोलवा. मला कावीळ झाली होती."

"आत्ता?"

"चौतीस वर्षांपूर्वी."

दाजी पलंगावरून म्हणाले, "मेव्हणे, सुई मला टोचलीय. चक्कर तुम्हाला कशाला?"

पण नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाटलीची कळ बंद केली आणि निघून गेल्या. डॉक्टरबाई आल्या तेव्हा मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गाल, पट्टा, रविवार, तुरटी. सांगताना बहिणीकडे बघितलं नाही. तिच्या हातातल्या मोज्याची घडी थांबली, तेवढं डोळ्याच्या कडेला दिसलं.

बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आज औषध द्यायचं नाही. आणखी एक तपासणी करू."

"पण एक झालीय ना, ठीक आहे म्हणालात," बहीण म्हणाली.

"ती तपासणी विषाणू आत्ता उघडपणे फिरतोय का, एवढंच बघते. दुसरी त्याच्या जुन्या पाऊलखुणा बघते. खरं तर दोन्ही प्रत्येकाच्या व्हायला हव्यात. आमच्याकडे दुसरी संशय आला तरच होते." मग त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. "असं बघा. विषाणू कोंडलेला चोर आहे. शरीराचे पहारेकरी त्याच्या दारावर बसलेत म्हणून तो गप्प आहे. आता तुमच्या मिस्टरांचे पहारेकरीच बिघडलेत. आमचं औषध त्या बिघडलेल्यांना काढतं, पण सोबत चांगल्यांनाही काढतं. मग दारावर कुणी राहत नाही. आम्ही जुन्या रुग्णांची टिपणं काढून बघितली आहेत. ज्यांच्या अंगात हा लपलेला होता आणि कुणाला माहीत नव्हतं, त्यांच्यातल्या काहींच्या गाठी विरघळल्या, पण यकृत गेलं. काहींचे उपचार अर्ध्यावर थांबवावे लागले. ज्यांचा आधी कळला, त्यांना रोज एक गोळी दिली. ते इतरांसारखेच बरे झाले. फरक कळण्या-न कळण्याचा आहे."

घरी पोचल्यावर बहीण दारापाशी एवढंच म्हणाली, "मंगळवारपासून तुला माहीत होतं, दादा?"

"हो."

"आणि तू आज बोललास. सुई टोचल्यावर."

तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोमवारी निकाल आला. पाऊलखुणा सापडल्या. दाजींच्या रक्तात तो कधीतरी येऊन गेला होता आणि यकृतात दडून बसला होता. मोजायला गेलं तर अजून रक्तात काही नव्हतं, चोर झोपेत होता. त्याच दिवशी गोळी सुरू झाली आणि त्या गुरुवारी पहिला डोस.

डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही बोललात ते फार बरं केलंत. आता तुमचंही रक्त द्या. बहिणीचंही घेतोय."

बहिणीने तिथल्या तिथे दिलं. तिचं साफ निघालं. मी "उद्या येतो" म्हणालो आणि आलोच नाही. नर्सबाई दर वेळी विचारत, "आजोबा, हात पुढे करा." मी म्हणे, "आज दुकानात गर्दी आहे." आयुष्यभर लोकांच्या गळ्याशी धार घेऊन उभा राहिलेला माणूस सुईला घाबरतो, असं त्यांना वाटत असेल. मी सुईला घाबरत नव्हतो. माझ्या अंगात तोच चोर सापडला की गुन्हा कागदावर येणार होता. तोवर निदान संशयच होता, संशयाबरोबर माणूस जगू शकतो.

दुसऱ्या डोसनंतर दाजींचे केस गेले. दाढीही गेली. रविवारी सात वाजता ते तरीही यायचे, खुर्चीत बसायचे, आणि मी त्यांच्या गुळगुळीत गालांना नुसता गरम टॉवेल लावायचो.

"तुमचा धंदा बसवला मी," ते म्हणायचे.

"दाजी, रागावलात का माझ्यावर?" तिसऱ्या डोसनंतरच्या रविवारी मी शेवटी विचारलं.

टॉवेलखालून आवाज आला, "कशाबद्दल? अर्धी दाढी ठेवून मला शिडीवर चढवलंत त्याबद्दल? त्याबद्दल आहे राग."

"वस्तऱ्याबद्दल."

दाजी टॉवेल काढून म्हणाले, "तो फलक मी वीस मिनिटं बघत बसलो होतो मेव्हणे. वीस मिनिटं. मला फक्त 'ळ' दिसला. तुम्हाला वाचायला कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मग फी फिटली. ठेवा तो टॉवेल परत, गार होतोय."

बहिणीचा राग इतक्या सहज गेला नाही. तिने ओट्याशेजारच्या दारावर दाजींच्या लाल रंगाने रोज एक रेघ ओढायची पद्धत ठेवली होती. दाजींनी गोळी गिळली की रेघ. रेघ ओढल्याशिवाय त्यांना चहा नाही. मी गेलो की ती मला चहा द्यायची, पण कप ठेवताना तो माझ्यापासून एक वीत लांब ठेवायची. पन्नास-साठ रेघा झाल्या, तरी कप वीतभर लांबच.

चौथ्या डोसच्या दिवशी दाजींच्या यकृताचे आकडे थोडे चढले. बाईंनी त्याच दिवशी विषाणू मोजायला पाठवला. दोन दिवस आम्ही तिघंही धड जेवलो नाही. मोजून आलं तर रक्तात विषाणू नव्हताच. आकडे औषधामुळे चढले होते, आठवड्यात उतरले. पण त्या दोन दिवसांनी माझ्यातलं काहीतरी संपवलं. मी खाली रक्त घेतात त्या खिडकीपाशी गेलो, बाही वर केली आणि हात पुढे केला. नर्सबाई म्हणाल्या, "आज दुकानात गर्दी नाही वाटतं?"

माझा निकाल मी घ्यायलाच गेलो नाही. बाईंनी तो फायलीत ठेवून दिला आणि मीही विचारलं नाही.

सहावा डोस झाला. दीड महिन्याने पूर्ण शरीराचं स्कॅन झालं. निकालाच्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच तीन खुर्च्यांवर बसलो, त्याच क्रमाने. बाईंनी पडद्यावर दोन चित्रं लावली. पहिल्यात मानेत आणि पोटात दिवे लागल्यासारखे ठिपके. दुसऱ्यात नाहीत.

"कुठे आहेत?" बहिणीने विचारलं.

"नाहीत."

"म्हणजे दिसत नाहीत की नाहीत?"

"दिसत नाहीत, आणि आमच्या हिशेबाने नाहीत. पाच वर्षं तपासत राहू. विषाणूही रक्तात नाही. गोळी मात्र अजून दीड वर्षं, एक दिवसही चुकवायची नाही."

"चुकणार नाही," बहीण म्हणाली. "दार संपलं तर भिंत आहे."

दाजींनी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. बराच वेळ शिंकरलं. मी खाली बघत होतो. फरशीच्या फटीत अडकलेली एक टाचणी मला अजून आठवते.

"आणि हे तुमचं," बाई मला म्हणाल्या. त्यांनी फायलीतून एक कागद काढला. "केव्हापासून पडून आहे. घेऊन का नाही गेलात?"

मी हात पुढे केला नाही. बहिणीने तो घेतला, पण तिला ते आकडे कळेनात. "काय आहे यात?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "यांच्या रक्तात हा विषाणू नाही आणि कधी नव्हताही. पाऊलखुणासुद्धा नाहीत. यांची कावीळ वेगळी होती. खराब पाण्यातून होते ती. महिनाभर त्रास देते आणि कायमची जाते, मागे चोर ठेवत नाही."

मला कळायला वेळ लागला. "म्हणजे मी दिली नाही?"

"जी तुमच्याकडे नव्हती ती कशी द्याल?"

"मग यांना कुठून आली?"

"ते आता कुणीच सांगू शकणार नाही. जन्मताना आईकडून येते, जुन्या काळच्या उकळून वापरलेल्या सुयांमधून येते. आणखीही वाटा आहेत."

आणखी वाटांमध्ये माझं दुकान असेल का, हे मी विचारलं नाही. त्या काळी एकच वस्तरा सकाळपासून वीस गालांवर फिरायचा. ते मला ठाऊक आहे आणि ते माझ्याजवळ राहणार आहे. पण माझ्या गालावरून त्यांच्या गालावर गेलं नव्हतं. एवढं त्या कागदावर होतं, आणि मी तो कागद अक्षर अक्षर जोडून दोनदा वाचला.

"म्हणजे बघा," दाजी रुमाल घडी करत म्हणाले, "न केलेला गुन्हा कबूल केलात म्हणून मी वाचलो. केलेले कधी कबूल करणार? माझी छत्री सात वर्षांपासून तुमच्याकडे आहे."

डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या. बहीण हसली नाही. ती उठली, माझ्या खुर्चीपाशी आली आणि लहानपणी मी तिच्या डोक्यावर मारायचो तशी माझ्या टाळूवर एक टपली मारली. जोरात मारली. मग तिथेच हात ठेवून रडायला लागली. त्या संध्याकाळी तिने चहाचा कप आणून सरळ माझ्या हातात दिला.

दाढी परत यायला अजून दोन महिने गेले. आली ती पांढरी आणि लहान मुलाच्या केसांसारखी मऊ. रविवारी सात वाजता दाजी शटरखालून वाकून आत आले. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते भिंतीला टेकवून खुर्चीत बसले, डोळे मिटले, पाय पसरले.

मी फेस लावला. नवं ब्लेड सोडवलं, बसवलं, आणि सवयीने हात माझ्या उजव्या गालाकडे गेला.

"अहं," दाजी डोळे न उघडता म्हणाले. "आधी ते उघडा."

मी कागद काढला. हातभर लांब पत्र्याची पाटी होती, पांढऱ्यावर लाल, कडेला बारीक निळी रेघ. आजारानंतरचं त्यांचं पहिलं काम. एका ठिकाणी हात थरथरल्यासारखी रेघ जाड झाली होती, ती त्यांनी तशीच ठेवली होती. मी वाचली. 'येथे प्रत्येकाला नवीन ब्लेड.' आणि खाली, बारीक अक्षरात, 'मालकालाही.'

"'ळ' कुठेच नाही यात," मी म्हणालो.

"मुद्दाम टाळलाय," ते म्हणाले. "करा आता. दोन्ही बाजू करा हां, मागच्यासारखं नको."

मी ब्लेड माझ्या गालाला लावलं नाही. सरळ त्यांच्या डाव्या कानाखाली टेकवलं आणि खाली आणलं. बोट जबड्याखालून सरकत गेलं. कुठेही अडलं नाही.